स्वभावाला औषध नाही, मग थेरपिस्ट कशाला? सोलापुरात व्यक्तिमत्त्व विकारासाठी मदत शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. सहा वर्षांपूर्वी मला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाण्याचा विकार, असल्याचं निदान झालं. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे हळू आवाजात फोन करतात आणि तेच तेच विचारतात. एकदाचं लिहूनच टाकते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान माझ्याकडे मागू नका.

"स्वभावाला औषध नाही" म्हणतात. मग जाऊन उपयोग काय?

म्हण अर्धी खरी आहे. व्यक्तिमत्त्व विकार घालवणारी गोळी खरंच नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2009 साली बॉर्डरलाइनसाठी सूचना काढल्या, त्यातही खास या विकारावर म्हणून औषध देऊ नये असंच आहे. पण बोलण्यातून होणारे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अमेरिकेत मेरी झानारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या 290 रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दहा वर्षांच्या आत त्यातल्या 93 टक्के लोकांची लक्षणं निदानात बसणार नाहीत इतकी कमी झाली आणि किमान दोन वर्षं तशीच राहिली. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर नंतर माझ्यावर चिडाल: लक्षणं तर गेलीच, शिवाय नोकरी आणि नातीही मार्गी लागली, असे साधारण निम्मेच होते. म्हणजे रडणं-ओरडणं थांबल्यावरही काम शिल्लक राहतं.

तापट तर आमचे सासरेही आहेत. स्वभाव कुठे संपतो आणि विकार कुठे सुरू होतो?

सासरे घरात तापट आणि दुकानात गोड असतील, तर ते बहुधा फक्त सासरे आहेत. विकार म्हणतात तेव्हा वागण्याची एक ठरलेली घडी असते. ती विशी-पंचविशीच्या आतच बसलेली असते, घर, नोकरी, मैत्री सगळीकडे तीच दिसते, वर्षानुवर्षं सुटत नाही आणि तिच्यापायी त्या माणसाचं किंवा भोवतालच्यांचं खरोखर नुकसान होत असतं.

2013 सालच्या डीएसएम-5 या अमेरिकन वर्गीकरणात याचे 10 प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये, जे जानेवारी 2022 पासून लागू झालं, बहुतेक प्रकार काढून टाकून सौम्य, मध्यम, तीव्र अशी तीव्रता बघतात. त्यामुळे दोन डॉक्टरांनी कागदावर दोन वेगळे शब्द लिहिले तर लगेच "एक जण चुकला" असं समजू नका.

बॉर्डरलाइनमध्ये नऊपैकी पाच निकष जुळावे लागतात, आणि ते एका बैठकीत जुळवणारा माणूस मला तरी संशयास्पद वाटतो. मला एका ठिकाणी दहा मिनिटांत बायपोलर, म्हणजे मन आलटून पालटून फार चढण्या-उतरण्याचा आजार, सांगितला होता. बायपोलरमधली चढती अवस्था सलग काही दिवस टिकते. माझं मात्र सकाळच्या चहाला जग सुंदर असायचं, दुपारी डब्याला कुणी शेजारी बसलं नाही की संपलं, आणि संध्याकाळी परत ठीक. हे तासांचं गणित कुणी विचारलंच नाही. आधी थायरॉइडची रक्ततपासणीही करून घ्या, तिथून निघालेली गोष्ट स्वभावाच्या खात्यावर नको.

माझा नवरा नार्सिसिस्ट (अती आत्मकेंद्री) आहे. त्याच्यासाठी थेरपिस्ट सांगाल का?

हे कुणी ठरवलं? रील बघून ठरवलं असेल तर थेरपिस्ट आधी तुमच्यासाठी शोधा. टोमणा नाही मारत. तुम्हाला त्रास होतोय हे खरं आहे आणि त्यासाठी त्याच्या निदानाची गरज नाही.

मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक: जायचं कुणाकडे?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलेला डॉक्टर. निदान करणार, औषध लिहिणार. त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. चाचण्या घेतो, दर आठवड्याला बसून थेरपी करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. साधारणपणे दोन वर्षांचं एमफिल झालेलं असतं. आरसीआयच्या संकेतस्थळावर नोंदणी पडताळून बघता येते. दोन मिनिटांचं काम आहे, लाजू नका.

समुपदेशकांमध्ये उत्तम माणसं आहेत आणि तीन रविवारचा कोर्स करून पाटी लावलेलीही आहेत. "थेरपिस्ट" ही पाटी तर कुणीही लावतो. माझी दुसरी थेरपिस्ट अशीच. मी आत सांगितलेलं तिनं बाहेर बाकावर बसलेल्या आईला जाता जाता ऐकवलं, "मुलगी फार मनाला लावून घेते हो." आईनं रिक्षात बसल्याबसल्या विषय काढला.

व्यक्तिमत्त्व विकारासाठी माझं मत: निदान मानसोपचारतज्ज्ञाकडून आणि थेरपी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून घ्या, आणि त्या दोघांना एकमेकांशी बोलायची लेखी परवानगी देऊन ठेवा.

सोलापुरात सुरुवात कुठून करू?

हातात पैसे कमी असतील तर सिव्हिल. म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं. केस पेपर काढा आणि मानसोपचार विभाग विचारा. गर्दी असते, सकाळी लवकर जा आणि सोबत पाण्याची बाटली ठेवा. निदान आणि औषधासाठी चांगली जागा. दर आठवड्याला पाऊण तास निवांत बसून बोलणं तिथं होईल का, हे मात्र पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

खासगीत जायचं तर फॅमिली डॉक्टरला विचारा, पण "चांगला कोण?" असं विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी त्यांच्या मित्राचं नाव असतं. "दर आठवड्याला बसून थेरपी कोण करतं?" असं विचारा. यादी एकदम लहान होते.

वेड्यांच्या दवाखान्यात टाकतील का?

नाही. राज्यातली सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, आणि या विकाराचे उपचार बहुतांशी घरी राहूनच होतात.

फोनवर काय विचारायचं? मला तर नाव सांगतानाही घाम फुटतो.

कागदावर लिहून ठेवा आणि वाचून दाखवा. मी तसंच केलं, कारखान्याच्या गोदामात गठ्ठ्यांच्या मागे उभी राहून. नोंदणी क्रमांक काय? व्यक्तिमत्त्व विकाराच्या लोकांबरोबर काम केलंय का? कुठल्या पद्धतीनं, आणि ती शिकलात कुठे? दोन भेटींच्या मधे माझं फार बिनसलं तर मी काय करायचं? तुम्ही गावाला गेलात तर? फी किती, आणि भेट चुकली तर फी लागते का?

शेवटी एक प्रश्न जरा आगाऊ वाटेल, तरी विचारा: अवघड केस असली की तुम्ही स्वतः कुणाशी चर्चा करता? या विकारात पेशंट थेरपिस्टला दमवतो. मी दमवलंय. ज्याला विचारायला कुणीतरी आहे तो टिकतो. या प्रश्नावर जो चिडला, त्याच्याकडे जाऊ नका. आणि "असे पेशंट मी घेत नाही" असं सरळ सांगणाऱ्याचे आभार माना, त्यानं तुमचे सहा महिने वाचवले.

डीबीटी, स्कीमा, एमबीटी ही काय भानगड आहे?

डीबीटीवर, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीवर, थोडं जास्त बोलते, कारण मी तेच केलं. अमेरिकेतल्या मार्शा लिनेहान यांनी ही पद्धत तयार केली. तिची पहिली मोठी चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. मला तर त्यांच्या पदव्यांपेक्षा त्याच गोष्टीनं जास्त धीर दिला. पूर्ण डीबीटीत चार गोष्टी असतात: आठवड्याला एक वैयक्तिक भेट, आठवड्याला एक गटातला कौशल्यवर्ग, अडचणीच्या वेळी फोनवर मदत, आणि थेरपिस्टांची आपापसातली बैठक. कौशल्यं म्हणजे सजगता, त्रास सोसणं, भावना आवरणं आणि माणसांशी निभावणं.

रोज एक कार्ड भरायचं असतं. आज राग किती, शून्य ते पाच. स्वतःला इजा करावीशी वाटली का. कुठलं कौशल्य वापरलं. माझी पहिली सगळी कार्डं बुधवारी रात्री एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली असायची. माझ्या थेरपिस्ट मॅडमनी कार्ड उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाल्या, "शाई सगळीकडे सारखीच ओली दिसतेय." तेव्हापासून कार्ड जेवणाच्या डब्यात ठेवते. हळदीचे डाग पडतात, पण तारखा खऱ्या असतात.

त्यात एक उपाय आहे, भावना अगदी अंगावर आली की गार पाण्यात तोंड बुडवायचं (हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). ज्यानं हे लिहिलं त्यानं सोलापूरचा एप्रिल बघितलेला नाही. टाकीच्या पाण्यात चहा होतो. माठातलं घ्या, किंवा फ्रीजमधल्या बाटल्या रुमालात गुंडाळून गालांना लावा.

स्कीमा थेरपी जेफ्री यंग यांची. लहानपणी बसलेल्या समजुती खणून काढते, वेळ घेते. एमबीटी पीटर फोनागी आणि अँथनी बेटमन यांची. समोरच्याच्या आणि आपल्या मनात काय चाललंय याचा अंदाज घ्यायला शिकवते. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, आरईबीटी, मराठीत रुजली. ती खास या विकारासाठी नाही, पण "लोकांनी माझ्याशी असंच वागलं पाहिजे" या हट्टावर चांगली चालते.

पूर्ण डीबीटी करणारं कुणी इथं मिळालंच नाही तर?

मग अर्धी घ्या. थेरपिस्ट इथला आणि कौशल्यवर्ग ऑनलाइन, अशी सांगड घालता येते. पुण्याला दर आठवड्याला जाईन म्हणू नका. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी निघते, चार तास जायला, चार तास यायला. दोन महिने उत्साह टिकतो आणि मग आजारासाठी नाही, प्रवासासाठी थेरपी सुटते. एक-दोनदा निदानाची खात्री करायला जायचं असेल तर जरूर जा.

ऑनलाइन ठीक आहे, पण दोन खोल्यांच्या घरात बोलू कुठे?

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे. गच्चीवर संध्याकाळी साडेसहानंतर. कंबर तलावाच्या कडेला, हेडफोन लावून. विडी घरकुलमधली माझी एक मैत्रीण खाली यंत्रमाग चालू असतानाच बोलते: मागाच्या खडखडाटात तिचं कुणाला ऐकू जात नाही, आणि थेरपिस्टला हेडफोनच्या माइकमुळे जातं. वीज गेली की माग थांबतात आणि तीही गप्प होते. आता थेरपिस्टलाही कळलंय की शांतता झाली म्हणजे विषय बदलायचा.

घरात आम्ही तेलुगू बोलतो. मराठीत थेरपी चालेल?

चालते, पण कुठल्या भाषेत रडता ते बघा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या बऱ्याच जणांचं बाजारातलं बोलणं मराठी आणि आईशी भांडण तेलुगूत. थेरपिस्टला तेलुगू येत नसलं तरी भांडणातलं वाक्य आधी तेलुगूतच म्हणा आणि मग अर्थ सांगा. भाषांतर केलं की धार जाते, आणि इथं धारच तपासायची असते. कानडी आणि उर्दूवाल्यांनाही हेच.

औषध मुळीच घ्यायचं नाही का?

असं मी म्हटलेलं नाही. सोबत नैराश्य, चिंता, झोप उडणं असेल तर औषध लागतं आणि ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. चालू गोळ्या हे वाचून बंद करू नका.

विम्यात बसतं का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 सांगतो की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीनं विमा मिळाला पाहिजे. पण साधी पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावर पैसे देते, आणि थेरपी भरती न होता चालते. त्यामुळे दर आठवड्याची फी खिशातूनच जाते असं धरून चाला. फी झेपत नसेल तर तसं तोंडावर सांगा. बरेच जण कमी करतात किंवा पंधरवड्याला एक भेट ठेवतात. उधारी करून दर आठवड्याला जाण्यापेक्षा ते बरं.

माझे तीन थेरपिस्ट झाले. कुणीच चांगलं नाही. चौथा शोधू का?

शोधा, पण आधी तिघांना सोडलं कसं ते लिहून काढा. माझी यादी सांगते. पहिले सर देवमाणूस होते, मी घरी त्यांचेच शब्द वापरायचे. एका भेटीत त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि मी परत गेले नाही. दुसरीचं वर सांगितलं, तिला सोडलं ते बरोबरच. तिसऱ्यानं माझा मेसेज रात्रभर वाचला नाही, मी सकाळी नंबर ब्लॉक केला. तीनपैकी दोनदा मी जे केलं ते मी मैत्रिणींशी, मावशीशी, एका होऊ घातलेल्या नवऱ्याशीही केलं होतं. आधी डोक्यावर घ्यायचं, मग एका क्षणात जमिनीवर.

चौथ्या ठिकाणी मी दार आपटून निघाले. सात रस्त्यापर्यंत चालत गेले, रसवंतीवर बसले, आणि पुढच्या गुरुवारी नेहमीच्या वेळी परत गेले. मॅडमनी विचारलं, "दार आपटताना काय वाटलं?" सहा वर्षांतली सगळ्यात उपयोगाची भेट तीच. थेरपिस्ट सोडावासा वाटणं हे या विकारातच धरलेलं आहे, आणि ते त्याच खोलीत जाऊन सांगता आलं तर अर्धं काम तिथं होतं. म्हणून माझा नियम: सोडायचं ठरलं तरी आणखी एक भेट घ्यायची आणि तोंडावर सांगून सोडायचं.

मग कधी खरंच सोडावा?

तुमचं बोलणं घरी किंवा बाहेर फोडतो, तुमच्याशी अंगचटीला येतो, भेटीबाहेर जवळीक वाढवतो, उसने पैसे मागतो, स्वतःचा धंदा तुमच्या गळ्यात मारतो, "मी सांगतो तसंच करा, बाकी कुणाला विचारू नका" म्हणतो. यातलं एकही असेल तर शेवटच्या भेटीचा माझा नियम विसरा आणि निघा. वर्ष झालं आणि कशासाठी बसतोय हेच दोघांना सांगता येत नाही, तर मात्र मोकळेपणानं बोलून दुसरीकडे जा.

घरच्यांना किंवा कामावर सांगतील का?

2017 च्याच कायद्यात, कलम 23 मध्ये, गोपनीयतेचा हक्क आहे. अपवाद आहेत: जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश असे. वय 18 च्या आत असेल तर पालक येतातच. पहिल्या भेटीत विचारा, "कुठल्या गोष्टी तुम्ही बाहेर सांगाल?" स्पष्ट उत्तर मिळायला हवं.

भाऊ यायलाच तयार नाही. काय करू?

"तुला विकार आहे" असं भांडणात सांगू नका. ते औषध म्हणून सांगितलं तरी दगडासारखं लागतं. झोप, डोकेदुखी, नोकरी सुटणं, त्याला स्वतःला जे खुपतं त्यावरून तयार होतो का बघा. नाही झाला तर तुम्ही जा. घरातल्या एकानं ओरडण्याला उत्तर देण्याची पद्धत बदलली की घर थोडं हलतं. माझ्या आईनं माझ्या आधी चार महिने थेरपी घेतली, मला न सांगता. मला वाटायचं भजनाला जातेय.

स्थळ बघताना सांगायचं का?

बायोडाटात नाही, होकाराआधी हो. दोघंच असताना आणि स्वतःच्या तोंडानं. मध्यस्थाला सांगितलंत तर बाळीवेशीपासून होटगी रोडपर्यंत सगळ्यांना कळेल, फक्त मुलाला सोडून.

रात्री दोन वाजता जीव नकोसा झाला तर?

14416 लावा. टेलिमानस, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. जिवाला धोका असेल तर 112 किंवा 108, किंवा थेट सिव्हिलचा अपघात विभाग. पोलीस केसच्या भीतीनं पुष्कळ घरं दवाखान्यात नेतच नाहीत. 2017 च्या कायद्याच्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरतात, आणि 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेत जुनं 309 कलम राहिलेलं नाही. आधी न्या, कागद नंतर.

किती दिवस लागतात?

डीबीटीचा कौशल्यांचा एक फेरा साधारण सहा महिन्यांचा, आणि बहुतेक जण तो दोनदा करतात. म्हणजे वर्ष धरा. मला जास्त लागलं. एप्रिल-मे हा आमचा गणवेशांचा सीझन, त्यात दरवर्षी मी घसरते, हे आता कॅलेंडरवर आधीच लिहिलेलं असतं.

भेट चुकली तर काय करायचं?

फोन करून खरं कारण सांगायचं. मी एकदा सलग तीन गुरुवार गेले नाही आणि तिन्ही वेळा मेसेज केला, "आज आमच्याकडे पाणी आहे." सोलापुरात याच्यावर कुणी काही बोलत नाही. पाण्याच्या दिवशी माणूस लग्नालाही जात नाही. चौथ्या गुरुवारी गेले. मॅडमनी पंखा कमी केला आणि विचारलं, "तुमच्या भागात पाणी किती दिवसांनी येतं?" मी म्हटलं, चार दिवसांनी. त्या म्हणाल्या, "मग सलग तीन गुरुवारी कसं आलं?" हिशेब बघण्यात माझी बारा वर्षं गेलीत. तो अख्खा तास त्यावरच गेला.